टिंक्चरची बोटं

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले आणि वर्षभरात माझं काळीज सारखं धडधडायला लागलं. पातेलं उतरवताना हात थरथरायचे, पोटभर जेवूनही पोलकी सैल होत चालली होती. कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. नवरा गिरणीतून सुटला की सरळ सभेला. गोळीबारानंतर आमच्या मजल्यावर कुठल्या बाईचं काळीज जागेवर होतं?

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. "तुका काय एक झाला नाय गो. भियतस तू. गावाक जाऊन रव, बरी होतलस."

गावाला ना डॉक्टर, ना नवरा. एकदा धाडलेल्या भित्र्या सुनेला परत आणतील की नाही, याची मला धास्ती. म्हणून परळच्या इस्पितळात एक डॉक्टर गळ्यातल्या ग्रंथीवर संशोधन करतात असं कळल्यावर मी हट्टाने गेले. त्यांनी गळा चाचपला, डोळे पाहिले. म्हणाले, "बाई, भीती की आजार, ते मशीन सांगेल. थोडं किरणोत्सारी आयोडीन प्यायला देऊ, ते गळ्यात किती गेलं हे मशीन टिकटिकून दाखवेल. आजार असेल तर ग्रंथी ते अधाशासारखं ओढून घेते. पण अंगात आधीच आयोडीन मुरलेलं असेल, तर ओढणार नाही. तेव्हा महिनाभर मासळी बंद आणि अंगाला टिंक्चर लावायचं नाही, दोन्हींत आयोडीन असतं."

मालवणी घरात मासळी बंद! सासूबाई माझ्यासमोर बांगडे तळायच्या आणि मी डाळभात गिळायचे.

तपासणी आठवड्यावर आली आणि भर दुपारी लाठीमार झाला. नवऱ्याला डोकं फुटलेल्या अवस्थेत धरून जिना चढवून आणलं. अशा वेळेसाठी चाळीत टिंक्चरची मोठी बाटली ठेवलेली असे. ती मीच उघडली. मग शेजारचेही आले, कोणाचं कोपर, कोणाची पाठ. रोजच्या धुण्याच्या सोड्याने भेगाळलेल्या हातांनी मी त्या जखमा पुसत होते. अंगाला लावायचं नाही हे मला पाठ होतं. पण नवऱ्याचं डोकं म्हणजे काही माझं अंग नव्हे, असंच मी धरून चालले.

तपासणीच्या दिवशी आयोडीन पाजून मशीन गळ्याशी आणलं, ते जेमतेम टिकटिकलं. सोबत आलेल्या सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "बघलस?" डोळ्यांसमोर गावाला नेणारी कोकणची आगबोट उभी राहिली.

डॉक्टरांनी माझा हात उचलून पाहिला. बोटं पिवळी-तपकिरी झालेली. "हे काय?" मी सगळं सांगितलं. ते वैतागलेच. "भेगांतून आयोडीन अंगात मुरलं, ही तपासणी फुकट गेली. दोन महिन्यांनी परत या. तोवर टिंक्चरला हात लावू नका."

 घरी येऊन लेकाच्या डोक्याची पट्टी सासूबाईंनी स्वतः सोडली, बाटली माझ्यापासून दूर सरकवली. दोन महिने घरात कुणासाठीही मासळी शिजली नाही. गावाचा विषयही निघाला नाही.

दुसऱ्या खेपेला मशीन असं कडकडलं की परिचारिका वळून बघायला लागली. आजारच होता. मी तिथेच रडले, आनंदाने.

औषधाने थरथर थांबली. पुढे एकदा मोर्च्याच्या दिवशी नवऱ्याला यायला उशीर झाला आणि काळीज पुन्हा धडधडायला लागलं. सासूबाईंनी माझा छातीवरचा हात पाहिला.

"औषध घेतलस?"

"घेतलं, आई. ही भीतीच आहे."

त्या उंबऱ्यात माझ्या शेजारी येऊन टेकल्या.

"माका पण भय वाटता गो," म्हणाल्या. "पयल्यापासून वाटता."