पंचनाम्यातून सुटलेलं वाक्य

पंढरीनाथ शिरधनकर पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि भाईंदर पूर्वेला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. तळमजल्यावर माझं छोटं वाचनालय आहे. बायको गेल्यापासून ते रोज सकाळी दहाला खाली यायचे, पेपर चाळायचे आणि वर जायचे. पुस्तकाला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "संचिताताई, पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भानगडी लिहिल्या. आता वाचायला कशाला लावता?"

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी दारातल्या टेबलावर नाताळच्या रहस्यकथा मांडल्या होत्या. अनुवादित, जुन्या, पानं पिवळी पडलेल्या. त्यांना माझ्याकडे चांगली मागणी असते. बर्फानं वेढलेलं घर, जेवणाला जमलेले पाहुणे, आणि केक कापायच्या आत यजमान मेलेला. मग घरातलीच एखादी म्हातारी सगळ्यांशी बोलत बोलत खुनी शोधून काढते. पंढरीकाकांनी गंमत म्हणून एक उचललं. दुसऱ्या दिवशी हसत परत दिलं.

"यात पंचनामाच नाही हो! प्रेत तसंच पडलंय आणि इन्स्पेक्टर चहा पितोय."

पण दुसरं घेऊन गेले. मग तिसरं. आठवड्यात सहा झाली. सातवं मात्र परत येईना, आणि काकाही खाली येईनात. पाचव्या दिवशी आले ते दाढी न करता. पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. त्या पानावर ती म्हातारी स्वयंपाकघरात मोलकरणीच्या लहान मुलीशेजारी बसलेली होती. मुलीनं काय पाहिलं ते तिनं नीट विचारून घेतलं होतं.

"यापुढे वाचवत नाही," ते म्हणाले. "मी विचारलं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. २००१ सालच्या चोवीस डिसेंबरला उत्तनला एका विहिरीत मार्सेलिन नावाची बाई सापडली. मासे सुकवायचं काम करायची. नवरा बोटीवर जायचा. काका तेव्हा हवालदार होते, कागद त्यांनीच लिहिले. पंच सह्या करायला उभे होते. घराघरांत नाताळची तयारी चाललेली, सगळ्यांना उरकायची घाई. त्या गर्दीतून मार्सेलिनची लहानगी पोर त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "पप्पा आईच्या मागं गेलता. मंग एकलाच आला."

बाप चार हातांवर उभा होता. त्यानं मान खाली घातली. साहेब म्हणाले, "पोरीचं काय धरता? लिहा, पाय घसरून." काकांनी लिहिलं. अकस्मात मृत्यू.

"साहेबांचं नाव घेऊन मला सुटता येत नाही," काका म्हणाले. "पेन माझ्या हातात होतं. ती पोर माझ्याशी बोलली होती. मला घरी जायचं होतं म्हणून मी मान वर केली नाही."

मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तेव्हा त्यांनी विचारलं, "उत्तनला येता का माझ्याबरोबर? एकट्याला जमायचं नाही."

आम्ही दुपारच्या बसनं गेलो. घर त्यांना आठवत होतं. दाराबाहेर चांदणी टांगलेली, अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. आत शिवणयंत्रावर एक तरुण बाई बसली होती. भिंतीभर सणाचे पांढरे फ्रॉक लटकत होते. तिचं नाव एल्विना. तीच ती पोर. बाप सहा वर्षांपूर्वी वारला होता. तिला वाढवलं ते मावशीनं, आणि मावशी मागच्या दारात मासे साफ करत होती.

काकांनी आपलं नाव सांगितलं. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. वर्दीत असल्यासारखे ताठ उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, तिचे शब्दही जसेच्या तसे.

एल्विनाचा पाय यंत्रावरून खाली आला.

"परत सांगा," ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं.

"म्हणजे मी बोलले होते."

"बोलला होतात."

"मला सगळे सांगायचे, तू स्वप्नात पाहिलंस. पप्पावर उगाच आळ घेतेस. पप्पा तर माझ्याशी आयुष्यभर चांगला वागला, काका. फ्रॉक आणायचा, शाळेत सोडायचा. मग मलाच वाटायला लागलं, मीच वाईट हाय. आईसाठी रडता रडता मी मनात काहीतरी रचलं." तिनं वर पाहिलं. "तुम्ही ऐकलं होतं?"

"स्पष्ट ऐकलं होतं."

मावशी दारात येऊन उभी होती. हातांना माशांचे खवले तसेच. ती म्हणाली, "मी मारलं होतं गो तुला. हेच बोललीस म्हणून." एल्विनानं तिच्याकडे पाहिलं.

तिनं मापांच्या वहीतलं एक कोरं पान फाडून काकांपुढे ठेवलं. "लिहून द्या."

काका तेव्हा कुठे बसले. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, सगळं लिहिलं. मुलीचं वाक्य तिच्याच बोलीत लिहिलं. खाली नाव, सही, जुना बक्कल नंबर. एल्विनानं पान दोनदा वाचलं आणि बोट ठेवलं. "वय सहा न्हाय. पाच. सहा जानेवारीत पुरी झाली." काकांनी आकडा खोडला, वर पाच लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली.

परतताना बसमध्ये ते एकदाच बोलले. "पाच वर्षांची होती."

नंतर त्यांनी ओळखीच्या वकिलाला विचारलं. आरोपी मेलेला, आता खटला कुणावर चालवणार, असं वकील म्हणाला. तरी काका हे सगळं लिहिलेला अर्ज घेऊन आपल्या तेव्हाच्या पोलीस ठाण्यात गेले. जुनी फाइल कधीच नष्ट झाली होती. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "काका, याचं आता काय करायचं?" काका म्हणाले, "आवकेचा शिक्का मारा, एवढंच." दोन तास बसून त्यांनी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला.

ती प्रत न्यायला एल्विना जानेवारीत भाईंदरला आली. काकांनी मलाही वर बोलावलं. चहा त्यांनी स्वतः केला, जरा गोडच झाला. तिनं सांगितलं की नाताळला बापाच्या कबरीवर ती गेली नाही. आईच्या कबरीवर गेली, आणि तिच्याबरोबर मावशीही गेली. दोघी अजून फारसं बोलत नव्हत्या.

निघताना ती दारात वळली. "तुम्हाला माफ केलं, असं मी म्हणणार न्हाय."

"म्हणू नका," काका म्हणाले. "ते मागायला मी उत्तनला आलोच नव्हतो."

ती जिना उतरून गेली. काकांनी कप विसळले, पालथे घातले, आणि खिडकीपाशी जाऊन ती रस्ता ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.