तुळिंजमधले लिबियाचे वकील

लिबियाला कोणी नावं ठेवली की ज्याला त्या दिवशी जेवण जात नाही, असा माणूस उभ्या तुळिंजमध्ये एकच आहे आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. दुबईचं कौतुक करणारे आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतात. सिंगापूरला जाऊन आलेला माणूस पुढची कित्येक वर्षं नाक्यावरच्या कचऱ्याकडे बघून उसासे टाकतो, तेही आम्ही ऐकून घेतो. पण लिबिया! ज्या देशाचं नाव आपल्या लोकांच्या तोंडी मारामारी झाली तरच येतं, त्या देशाची वकिली कोणी फी न घेता, वर स्वतःचं ब्लडप्रेशर वाढवून का करावी, याचा मला बरेच दिवस उलगडा झाला नव्हता. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे लिबियावाले काकाच म्हणतात. मूळचे वसईजवळच्या निर्मळचे, ख्रिस्ती बागायतदारांच्या घरातले. भावांनी केळीची वाडी सांभाळली आणि हे सर्व्हेचं काम शिकून ऐन तरुणपणी लिबियाला गेले. आधी वाळवंटात पाण्याचे पाइप टाकण्याच्या कामावर आणि मग देर्ना नावाच्या समुद्रकाठच्या गावात, तिथल्या पाणीखात्यात. तिकडे यादवी पेटली तेव्हा इतर हजारो भारतीयांबरोबर जहाजात बसून परत आले आणि आमच्या सी विंगच्या शेवटच्या मजल्यावर राहू लागले.

म्हणजे अंगाने आले. जीव देर्नालाच राहिला. तिथे ते हाजी सालेम म्हणून एका गृहस्थांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत. हाजी, त्यांची बायको, तीन मुलगे आणि एक मुलगी ही माणसं काकांच्या बोलण्यात इतकी येत, की आमच्या मुलीला ती काकांची निर्मळची भावकीच वाटे. थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा काकांनी जिन्यात सगळ्यांना पेढे वाटले. ‘कोणाचं लग्न?’ असं विचारणाऱ्या बी विंगच्या बाईंना ‘आमच्याकडचं’ एवढंच उत्तर मिळालं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून आले, की काका गॅलरीत उभे राहून देर्नाला फोन लावत आणि त्यांचा आवाज ऐकून आम्ही खाली टीव्ही बंद करत असू. फोनची गरजच नव्हती, तसंही भूमध्य समुद्रापर्यंत ऐकू गेलं असतं.

त्यांच्यासमोर ‘गल्फ’ हा शब्द काढायचा नाही, हा आमच्या बिल्डिंगचा अलिखित नियम आहे. तो ठाऊक नसलेल्या एका बिचाऱ्या सहप्रवाशाने शेअर रिक्षात सहज विचारलं, ‘‘अंकल, तुम्ही गल्फला होता का?’’ काकांनी रिक्षा थांबवली. शेजारीच पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या मागच्या धुळीवर काकांनी बोटाने आख्खी उत्तर आफ्रिका काढली. ‘‘हा वर भूमध्य समुद्र. हा उजवीकडे इजिप्त. डावीकडे ट्युनिशिया, अल्जीरिया. खाली सुदान, चाड, नायजर. आणि मधे हा एवढा लिबिया! पाच महाराष्ट्र मावतील आणि तरी जागा उरेल! यात गल्फ कुठे दिसतं तुम्हाला? दाखवा!’’ मागे रिक्षांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, तो गृहस्थ हात जोडू लागला. काका म्हणाले, ‘‘हात जोडू नका, राजधानी सांगा.’’ त्याने त्रिपोली म्हटलं तेव्हाच रिक्षा हलली. बरं, काका चिडतात यात त्यांचं काय चुकतं? आपल्याला कोणी कोकण आणि खानदेश एकच म्हटलं तर आपण त्याला चहा पाजू का?

टँकर हा तर त्यांच्या संतापाचा राखीव विषय. लिबियात बारमाही वाहणारी नदी एकही नाही. तरी वाळवंटाच्या पोटातलं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी उपसून, शेकडो कोस पाइप टाकून ते समुद्रकाठच्या शहरांना दिलं, आणि त्या कामात काकांनी दुर्बीण लावून उन्हं खाल्ली. आमच्याकडे इकडे वैतरणा, तिकडे उल्हास, वर धो धो चार महिने, आणि नळाला वारा. टँकर आला की काका खाली उतरत आणि ड्रायव्हरला सुनावत, ‘‘तुझा हा आख्खा टँकर जाईल एवढा एकेक पाइप होता आमचा! त्यातून पाणी नेलंय आम्ही वाळवंटातून!’’ तो ड्रायव्हर मिठागराकडचा, शांत माणूस. तो पाइप जोडता जोडता म्हणे, ‘‘काका, पानी पायजे का पाइप पायजे? दोन्ही नाय मिलनार.’’ यावर काका स्वतःच पाइपचं दुसरं टोक धरत, कारण पानी पाहिजेच असे.

त्यांच्याकडे चहाला जाणं हे येरागबाळ्याचे काम नोहे. लिबियन चहा तीन वेळा मिळतो, छोट्या छोट्या ग्लासांतून. पहिला कडू जहर, दुसरा जरा माणसात आलेला, तिसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. चहा या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत राहायचा, फेस येईपर्यंत. काकूंच्या ओट्याची दशा काय होत असेल ती होवो. एकदा मी दुसऱ्या ग्लासानंतर, गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून उठलो. काका आठवडाभर बोलले नाहीत. शेवटी काकूंनीच खाली येऊन सांगितलं, ‘‘तेवढा शेंगदाण्याचा पिऊन जा हो. घरात भांडी आपटतायत.’’

इतिहास आणि राज्यकारभार यांचा तास मात्र ते सोसायटीच्या जिन्यात घेत. तीन वेगळे प्रांत, पश्चिमेचा त्रिपोलीचा, पूर्वेचा बेनगाझीचा आणि खाली वाळवंटातला फेझान. इटालियन आले आणि त्यांनी तिघांना एका दाव्याला बांधलं. ‘‘आमच्या वसईला पोर्तुगीज, त्यांना इटालियन. पाहुणे सगळ्यांकडे सारखेच,’’ काका म्हणत. मग राजा आला. मग त्याला घालवून कर्नल आला. त्याने सांगितलं, की राज्य जनतेचं आहे, मला काही पद नको, आणि पुढे चाळीस वर्षं सगळं त्याच्याच शब्दावर चाललं. कर्नलची बाजू काकांनी कधी घेतली नाही. हाजींच्या भावाला त्याच्या लोकांनी उचलून नेलं होतं, तो परत आला नाही. ‘‘मी लिबियाचा आहे, कर्नलचा नाही,’’ असं ते छातीवर हात मारून सांगत. कर्नल गेल्यावर पश्चिमेला एक सरकार झालं, पूर्वेला दुसरं. दोघांचे वेगळे शिक्के, वेगळे मंत्री, आणि दोघंही म्हणतात देश आमचाच.

हे ऐकून आम्ही हसत असू. मग आमच्या सोसायटीची निवडणूक झाली. जुन्या कमिटीने निकाल मानला नाही, नवीन कमिटीने ऑफिसची चावी मागितली, जुनीने दिली नाही. नवीनने दुसरं कुलूप लावलं. तेव्हापासून आम्हाला दोन चेअरमन आहेत, ए विंगमध्ये एक आणि बी विंगमध्ये एक. दोन रबरी शिक्के, दोन नोटीस बोर्ड, एकाच आवारात दोन गणपती, आणि आरत्या एकाच वेळी, एकमेकांचा आवाज बुडवायच्या इराद्याने. काका संतापले, पण त्या संतापात एक प्रकारचं शास्त्रीय समाधानही होतं. ‘‘ए म्हणजे त्रिपोली. बी म्हणजे बेनगाझी. आपण सी, फेझान. बोअरिंगचं पाणी आपल्या पायाखाली आणि आपल्यालाच कोणी विचारत नाही!’’

खरं विचारायला हवं होतं ते टाकीबद्दल. सी विंगच्या गच्चीवरची, अंगणाच्या बाजूच्या कठड्याला लागून असलेली मोठी टाकी. तिला भेगा गेल्या होत्या, खालच्या खांबांच्या सळया उघड्या पडल्या होत्या, आणि अधूनमधून सिमेंटचं ढेकूळ खाली अंगणात येई. दुरुस्ती नको असं कोणीच म्हणत नव्हतं, हे इथे नमूद करतो. उलट दोन्ही कमिट्यांना ती करायचीच होती, कारण टाकी जो दुरुस्त करील तीच खरी कमिटी, असं दोघांनीही मनात धरलं होतं. म्हणून एकीचा कंत्राटदार शिडी लावायचा आणि दुसरीचे सभासद शिडी काढून घ्यायचे. याला काय म्हणावं? शिकलेली माणसं, बँकेतली, शाळेतली! काकांनी दोघांनाही खडसावलं. दोघांनीही त्यांना मान डोलावून सांगितलं, की त्या दुसऱ्यांना सांगा.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात देर्नाचं झालं. गावाच्या वर डोंगरातल्या ओढ्यावर दोन धरणं होती. एरवी तो ओढा कोरडाच. वादळ आलं, एका रात्रीत डोंगरावर पाऊस कोसळला, दोन्ही धरणं फुटली आणि गावाचा मधला भाग माणसांसकट समुद्रात गेला. हजारो माणसं. आमच्या टीव्हीवर ती बातमी एका जाहिरातीपुरती टिकली आणि पुन्हा कोण कुठल्या पक्षात गेलं ते सुरू झालं. धरणांना भेगा आहेत हे तिथे वर्षानुवर्षं माहीत होतं. दुरुस्ती कागदावर मंजूरही होती. काका ते मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. हाजींच्या घरातला एकही फोन लागत नव्हता. हाजींचं घर ओढ्याच्या काठावरच होतं.

त्याच आठवड्यात मांडवाच्या जागेवरून दोन्ही कमिट्यांची एकत्र सभा भरली. आवारात मोकळी जागा एकच, टाकीच्या बरोबर खाली, आणि ती दोघांनाही हवी होती. तासभर आरडाओरडा झाल्यावर काका उठले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आता लिबिया, असं कोणीतरी मागून पुटपुटलंही. पण काकांनी लिबिया हा शब्दच काढला नाही. ते म्हणाले, ‘‘हाजी सालेम. त्यांची बायको झैनब. थोरला मुलगा, त्याची बायको, मांडीवरचं मूल. मधला, तो शाळेत शिकवायचा. मुलगी मरियम. धाकटा युसुफ. समोरचा पाववाला, त्याची आई. कोणी फोन उचलत नाही.’’ मग ते दोन्ही चेअरमनकडे वळले. ‘‘आता तुम्ही सांगा. गणपतीत रोज संध्याकाळी पोरांचा नाच असतो ना मांडवात? टाकीखाली कोण कोण असणार आहे? मला नावं सांगा.’’

‘‘अहो काका, ते काय...’’ ए विंगचे चेअरमन म्हणाले.

‘‘नावं!’’ काका गरजले.

ते खाली बघत म्हणाले, ‘‘आमची सई आहे.’’ मग बी विंगचे चेअरमन म्हणाले, ‘‘अर्णव. आणि त्याची धाकटी.’’ मग आमच्या मुलीचं नाव मी घेतलं. त्या दुपारीच टाकी रिकामी केली गेली. दोन्ही गणपती ए विंगच्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी बसले. महिन्याभरात कंत्राटदाराने टाकी उतरवली तेव्हा त्याच्या कागदावर दोन्ही शिक्के होते. कमिट्या अजून दोनच आहेत, गैरसमज नसावा.

काकांचा फोन मात्र लागेना. निर्मळच्या चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा होती, तेव्हा काकूंनी हाजींच्या घरातल्यांची नावं फादरांकडे द्यायचं ठरवलं. त्यावरून वर दोघांचं त्यांच्या घरच्या बोलीत जे भांडण झालं त्यातलं मला अक्षरही कळलं नाही, पण नंतर काका खाली येऊन माझ्यावरच ओरडले, ‘‘मेल्यांत नावं घालायला निघालीय! तिला कोणी सांगितलं मेले म्हणून?’’ काकू मागोमाग आल्या. त्यांचे डोळे लाल होते. ‘‘मग कशात घालू? प्रार्थनेविना सोडू काय त्यांना?’’ काका विचार करून म्हणाले, ‘‘प्रवासात असलेल्यांसाठी मागतात ना, त्यात घाल.’’ काकूंनी त्यात घातली. परदेशी पोरांसाठी आणि बोटीवर गेलेल्यांसाठी होणाऱ्या प्रार्थनेत, पुढचे कित्येक रविवार, हाजी सालेम आणि मंडळींची नावं वाचली गेली.

नाताळ जवळ आला होता. मी वर चहाला बसलो होतो. काकांचा फोन वाजला, नंबर अनोळखी. त्यांनी कानाला लावला आणि ताडकन उभे राहिले. मग जे ओरडायला सुरुवात केली, ती आख्ख्या सी विंगने ऐकली असेल. मला अरबी येत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. इतके दिवस कुठे होतास, माणसाने एक फोन करू नये, आम्ही इथे काय समजायचं, असंच असणार सगळं. गाल भिजले होते आणि आवाज चढतच होता. काकू पदराला हात पुसत दारात आल्या आणि त्यांनी खुणेने विचारलं, कोण? फोनवर तळहात ठेवून काका म्हणाले, ‘‘युसुफ. धाकटा. बेनगाझीला आहे.’’

‘‘आणि बाकीची?’’ काकूंनी विचारलं.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, तळहात काढला आणि पुन्हा त्या पोरावर ओरडायला लागले. काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या, मी ग्लास खाली ठेवला. काका ओरडतच राहिले, कारण थांबले असते तर त्यांना ते विचारावं लागलं असतं.