थंड हवेचा पाइप आणि हिरवा खण

"पायपात काय घातलंस ते आधी सांग!"

"मावशी, पायपात हवा जाती. दुसरं काय घालणार म्या?"

"काल तुझ्या गॅरेजपुढं हरणागत पळत होती. आज घाटात म्हशीगत बसलीय. मधी काय केलंस?"

"मधी गाडी तुमच्या दारात हुती, माझ्या न्हाय!"

बघा, उत्तर किती तयार! ज्याच्या मनात काही नसतं त्याला इतक्या लवकर उत्तर सुचतं होय? मी तिथंच ओळखलं.

थांबा, चहा घ्या. भांडण मधूनच सांगायला लागले खरी, पण ते झालंही मधेच. तुळजापूरच्या घाटात, अर्ध्या चढावर, मागं गाड्यांची ही रांग! माझ्या फजितीचा किस्सा आहे, आणि तो मीच सांगतेय, म्हणजे बघा किती मोठी फजिती असेल. लहानसहान असती तर दाबून टाकली असती.

आमची गाडी म्हणजे जुना डिझेल ट्रक. धनी गेल्यावर त्याच ट्रकनं घर ओढलं. ड्रायव्हर ठेवले आणि मी स्वतः शेजारी बसत गेले. शाळेत कधी पाऊल टाकलं नाही. अक्षरं शिकले ती ऑइलच्या डब्यांवरची आणि रस्त्याकडच्या पाट्यांवरची. नुसत्या आवाजावरून इंजिनाला काय झालंय ते सांगते. खोटं वाटतं? माझ्या पोराला विचारा. नको, पोराला नको.

पोरगा म्हणजे दत्ता. आता गाडी तोच चालवतो. मला आक्का म्हणतो, आमचं सगळं तेर गाव म्हणतं म्हणून. त्याच्या मनात एकच: हा ट्रक विकायचा. "आक्का, ही चढाला धापा टाकती. गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू." रोज जेवताना तेच.

शेवटी मी गेले बशीरभाईकडं. तुळजापूरच्या अलीकडं त्याचं गॅरेज आहे. तो बोनेटमधे डोकावून म्हणाला, "मावशी, गाडी म्हातारी न्हाय झाली. इंजिनाजवळची तापलेली हवा ओढती बिचारी. थंड हवेचा पाइप बसवू. तोंड म्होरं जाळीमागं काढू, बाहेरची गार हवा आत. मग बघा!"

दत्तानं लगेच पैज मारली. "सोलापुरातनं पेंडीची पोती भरून आणू. घाट न थांबता चढली तर ठेवू. मधी बसली तर इकू. कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. चारचौघांत म्हणाले. आता माघार कुठली?

बशीरभाईनं पाइप बसवला. मी स्टूल घेऊन समोरच बसले होते. लोक म्हणतात मी संशयी आहे. लोक असं का म्हणतात, याचाच मला संशय आहे. त्यानं जुना एअर फिल्टरचा डबा काढून बाजूला ठेवला, तो मी आधी पदराखाली घेतला. काय सांगावं, दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसवायचा!

पाइप बसला आणि मी वाकून पाहिलं. काळं, गोल, थाळीएवढं तोंड. आणि सताड उघडं!

"आन् धूळ? धूळ जाईल की आत!"

"गाळणी आत हाय, मावशी. पायपाच्या दुसऱ्या टोकाला."

"मला दिसत न्हाय."

"दिसायची न्हाय. आत हाय."

हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. जे दिसत नाही ते 'आत हाय' म्हणून सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण गॅरेजपुढं गाडी अशी पळाली की दत्ताचं तोंड एवढंसं झालं. म्हणून गप्प बसले.

पण घरी आल्यावर चैन पडेना. उघडं तोंड मला बघवत नाही. रांजण असो, पिठाचा डबा असो, तोंडावर दादऱ्याचं फडकं बांधल्याशिवाय माझा दिवस मावळत नाही. आणि इथं आपलं इंजिन, लाखमोलाचं, तोंड वासून अंगणात उभं! दत्ता गोठ्याकडं गेला तशी मी घरातून एक हिरवा खण आणला. चांगला दाट विणीचा. दुहेरी घडी घातली, पायपाच्या तोंडावर ताणून बसवला आणि सुतळीनं असा आवळला की मुंगी शिरणार नाही. कुठल्याही शहाण्या बाईनं हेच केलं असतं. दत्ताला सांगितलं नाही. तो मागं नावं ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला निघालो. गाडी रिकामी, घाट उताराचा. तरी दत्ता म्हणाला, "आक्का, आज जड वाटतीय गं."

"तुझा पाय जड झालाय. इकायच्या नादात दाबत न्हाईस नीट."

पेंडीची पोती भरली, परत निघालो, आणि घाट लागला. पहिल्या वळणाला धूर. काळा कुळकुळीत! दुसऱ्या वळणाला खालचा गियर. मग त्याच्याही खालचा. गाडी नाक दाबून धरल्यासारखी घुसमटली आणि अर्ध्या चढावर बसली. दत्तानं चाकामागं दगड लावले. आणि मिशीतल्या मिशीत हसला. माझा संशय लगेच तिकडं गेला: ह्यानं आणि बशीरनं मिळून तर नाही केलं हे?

फोन करून बशीरभाईला बोलावलं. तो मोटारसायकलवर आला, आणि इथंच ते भांडण, ज्याच्यापासून मी सुरू केलं.

एक गोष्ट मी टिपून ठेवली. आल्या आल्या त्यानं पुढच्या जाळीत डोकावलं आणि चटकन नजर वळवली. चोरासारखी! मग डिझेलचा पाइप तपासला, बेल्ट तपासला, सगळं खालीवर केलं, पण त्या जाळीकडं परत बघेना. पापाशिवाय माणूस नजर चोरतो का, तुम्हीच सांगा? मी आवाज आणखी चढवला.

तेवढ्यात मागच्या बसमधल्या बाया उतरून आल्या. सोलापूरकडून देवीला निघालेल्या. त्यांच्यात एक म्हातारी, गळ्यात कवड्यांची माळ. ती जाळीपुढं आली आणि हातच जोडले तिनं.

"अगं बया, आईचा खण! हिरवागार!"

बशीरभाई ओरडला, "दत्ताभाऊ, जरा रेस द्या!"

दत्तानं रेस दिली. खण सप्पकन आत ओढला गेला. पाय काढला, खण बाहेर फुगला. पुन्हा रेस, पुन्हा आत.

"श्वास!" म्हातारी किंचाळली. "आई श्वास घेतीया गं! आई राजा उदो उदो!"

झालं! अख्खी बस खाली उतरली. कुणी कुंकू वाहिलं, कुणी बंपरवर नारळ फोडला. एक पोरगी मोबाइल धरून उभी, "लाइव्ह हाय, लाइव्ह हाय!" म्हातारीनं जाळीतून बोटं घालून खणाला लावली आणि नाकाशी नेली.

"हळद लागलीया! आन् हिंगाचा वास! प्रसादाचा वास हाय गं ह्यो!"

मी हळूच बायांच्या मागं सरकले.

बशीरभाई मात्र टक लावून खणाकडं बघत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"दत्ताभाऊ, ह्यो खण कुणी बांधला?"

"म्या न्हाय! मला वाटलं पाइप बसवताना तुमीच…"

"म्या कसा बांधीन, भाऊ? मला वाटलं तुमी देवीला नेऊन आणली गाडी. आईचं कापड, म्हून म्या तिकडं बघितलंबी न्हाय. हात कसा लावू?"

म्हणजे ती नजर चोरणं नव्हतं. तो मान राखत होता. आणि मी त्याला भर रस्त्यात काय काय बोलले होते!

"तेवढा खण काढा," तो म्हणाला, "गाडी उड्या मारत चढंल. हवाच जाईना आत, धूर न्हाय तर काय करंल?"

"खबरदार!" म्हातारी हात पसरून ट्रकला आडवी उभी राहिली. "कुणीच बांधला न्हाय म्हंता न्हवं? मग आपसूक आलाय त्यो! हात लावला तर आई कोपंल!"

"उदो उदो!" बाकीच्या.

मागं हॉर्नचा कल्लोळ. पोरगी मोबाइलवर सांगतेय, "घाटात आई प्रगटली!" बशीरभाई हात मागं बांधून उभा. आणि दत्ता? दत्तानं शांतपणे खिशातून फोन काढला.

"आक्का, आईचीच इच्छा दिसतीय गाडीनं हितंच थांबावं. आपण तरी काय करणार? गिऱ्हाइकाला हितंच बोलावतो." आणि नंबर लावायला लागला!

माझा ट्रक. धुळीनं भरलेला, कुंकवानं माखलेला, पुढं नारळाचं पाणी वाहतंय. एकीकडं ती कवड्यांची माळ, एकीकडं बशीरभाईचं गरीब तोंड, एकीकडं फोनची रिंग वाजतेय. उभ्या आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नव्हती मी. पदर खोचला, बायांमधून वाट काढली, दत्ताच्या हातातला फोन हिसकला आणि त्या लाइव्ह मोबाइलसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"सरका गं बायांनो, म्याच बांधलाय त्यो, आन् आईचा न्हाय, माझ्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीचा दादरा हाय!"