ताप नव्हता

"न्यूमोनिया आहे. दोन्ही फुफ्फुसांत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "श्वासनलिकाही आवळल्या आहेत. ऑक्सिजन शहाऐंशी आहे. ताप कधीपासून होता?"

"ताप नव्हता," मी म्हणालो आणि खिशातला कागद त्यांच्यापुढे ठेवला. चार दिवस, दिवसातून तीन वेळा घेतलेले तापमान त्यावर वेळेसह लिहिले होते. एकाही नोंदीत ताप नव्हता.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि परत दिला.

"काका, तुमची मुलगी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेते. या गोळीवर असलेल्या माणसाला ताप येईलच असं नाही. आत काय चाललंय ते थर्मामीटरला कळत नाही."

ही गोष्ट मला सत्तराव्या वर्षी, नगरच्या एका खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात कळली. ज्यांच्या घरात अशी औषधे घेणारे माणूस आहे त्यांना ती वेळेवर कळावी, म्हणून हे लिहीत आहे.

माझी मुलगी वैशाली तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि तिच्या गरोदरपणाचा तिसावा आठवडा चालू होता. सहा वर्षांपूर्वी तिला लूपस झाल्याचे निदान झाले. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपले-परके ओळखेनाशी होते आणि स्वतःच्याच अवयवांवर चालून जाते. तिच्या बाबतीत ती मूत्रपिंडांवर गेली. त्यावर इम्युनोसप्रेसंट औषधे देतात, म्हणजे ती व्यवस्था मुद्दाम मंद ठेवणारी औषधे. आजार दबतो, पण जंतूंशी लढण्याची ताकदही दबते.

मूल हवे, असे ठरल्यावर ती आणि जावई महेश पुण्याच्या तज्ज्ञांकडे गेले. ती मायकोफेनोलेट नावाची गोळी घेत असे. तिच्यामुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. डॉक्टरांनी ती थांबवून अझाथायोप्रिन सुरू केले. हे औषध गरोदरपणात चालते. काही महिने लघवी आणि रक्त तपासून मगच त्यांनी परवानगी दिली. वैशालीने एकही गोळी चुकवली नाही. तिच्या बाजूने चूक शोधली तरी सापडणार नाही.

सातवा महिना लागला तेव्हा मी तिला आणायला नगरला गेलो.

"मामा, तिला इथंच राहू द्या ना," महेश म्हणाला. "दवाखाना पाच मिनिटांवर आहे."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," मी म्हणालो. त्याने तिची बॅग गाडीत ठेवली.

आमचे गाव नेवासा तालुक्यात, सोनईच्या अलीकडे आहे. घरापासून मैलभरावर साखर कारखाना. तिथल्या बॉयलर हाउसमध्ये मी एकतीस वर्षे काढली. बॉयलरवर डोळ्यांना काही दिसत नाही. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तापमान, जे काही कळायचे ते मापकावरून कळते आणि दर तासाला लिहून ठेवायचे असते. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही.

गाळप सुरू झाले की आमच्याकडे काजळी पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर, ओट्यावर. बायका सकाळ-संध्याकाळ झाडतात. तिला कोणी प्रदूषण म्हणत नाही. हंगाम म्हणतात. वैशालीला आल्यापासून कोरडा खोकला होता. माझी पत्नी सुमन म्हणाली, हवा बाधत असेल. मी म्हणालो, ती याच हवेत वाढली आहे. वाढली तेव्हा तिचे शरीर वेगळे होते, हा विचार मी केला नाही.

ती येऊन तीन आठवडे झाले आणि आमच्या उसाला तोड आली. ऊस घरापासून दोनशे फुटांवर. ऊसतोड मजुरांच्या टोळीचा मुकादम सकाळी ओसरीवर आला.

"नाना, पाचाट लई हाय. मान्सांचे हात चिरत्यात. पेटवून द्या, दोन दिसांत रान मोकळं करतो. न्हाईतर आमी उद्या म्होरल्या गावाला."

पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. तो जाळला की ऊस उभा राहतो आणि तोड झपाट्याने होते. आमच्या भागात हे सर्रास चालते. मी होकार दिला.

वैशाली दारात उभी होती. "नाना, मी दोन दिवस नगरला जाऊन येऊ का?"

"तासाभराचं काम आहे. खिडक्या लावून घे."

"जाऊ द्या की तिला," सुमन म्हणाली.

"रस्ता खराब आहे. धक्के बसतात," मी म्हणालो. ते कारण मला त्या क्षणी सुचले, एवढेच.

मी वारा पाहिला. तो घराकडून शेताकडे होता. दुपारी साडेचार वाजता काडी लावली. पाला अर्ध्या तासात जळाला. माझा हिशेब इथवर बरोबर होता. परंतु मी आयुष्यभर चिमणीचा धूर पाहिला होता. चिमणी धूर वर नेऊन सोडते. हिवाळ्यातल्या संध्याकाळी शेतातला धूर वर जात नाही. हवा गार झाली की तो जमीन धरून पसरतो. दिवे लागायच्या सुमारास तो आमच्या घरात होता. खिडक्या लावलेल्या होत्या. दारांखालून, कौलांमधून आला.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा खोकला वाढला. मी थर्मामीटर आणला आणि कागद घेतला. सुमन सोनईच्या डॉक्टरांकडे न्यायचे म्हणत होती. मी प्रत्येक वेळी कागद दाखवला. चौथ्या दिवशी सकाळी वैशालीला एक वाक्य एका दमात पूर्ण करता येईना. ओठ निळसर दिसले. तेव्हाही तापमान साधारणच होते. मी ते लिहिले आणि मग गाडी बोलावली.

नगरला डॉक्टरांनी विचारले, "घरात चूल आहे? कोणी विडी-सिगारेट ओढतं?"

"नाही."

"आसपास धूर?"

"साखर कारखाना आहे," मी म्हणालो.

वैशालीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने माझ्याकडे पाहिले. हाताने खूण करणे तिला शक्य होते. तिने केली नाही. डॉक्टरांनी लिहून घेतले. महेश भिंतीशी उभा होता. तो एवढेच म्हणाला, "त्या कारखान्यापायी."

मी त्याला दुरुस्त केले नाही.

तिला अतिदक्षता विभागात हलवले. अँटिबायोटिक शिरेतून सुरू झाली. अझाथायोप्रिन थांबवले, कारण संसर्गाशी लढायला शरीर जागे होणे आवश्यक होते. प्रेडनिसोलोन मात्र थांबवता येत नव्हते. डॉक्टरांनी कारण सांगितले: ही गोळी दीर्घकाळ घेतली की शरीर स्वतःचे तसले रसायन बनवणे सोडून देते, अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळतो. उलट तिचे प्रमाण वाढवावे लागले. म्हणजे एका हाताने शरीराला उठवायचे आणि दुसऱ्या हाताने दाबून धरायचे. त्यात लूपस मूत्रपिंडांवर परतण्याची भीती होतीच.

सोनोग्राफीत बाळ आठवड्यांच्या मानाने लहान निघाले. हवेतील अतिसूक्ष्म कण फुफ्फुसांतून रक्तात उतरतात आणि वारेपर्यंत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवापर्यंत पोहोचतात, असे स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले. लूपसमुळेही वार कमकुवत होते. कशाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही, असेही त्या म्हणाल्या.

भेटीच्या वेळी मी वैशालीच्या खाटेशी उभा राहून मॉनिटरवरचे आकडे पाहत असे. केरळकडच्या एक सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, ते आकडे बघायला मी आहे. पगार घेते त्याचा. तुम्ही तिच्याकडे बघा." मी पाहिले. ती श्वास घेताना खांदे उचलत होती. मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. घरीही हे असेच असणार. मी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवरून बाहेर आले तेव्हा मी त्यांना थांबवले.

"मी दिलेलं उत्तर अपुरं होतं. धूर आमच्या शेतातला होता. ऊस मी पेटवला."

"घरापासून किती लांब?"

"दोनशे फूट. धूर सकाळपर्यंत घरात होता."

"हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं."

"उपचार बदलले असते?"

"थोडेफार. पण मी त्यासाठी म्हणत नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी तुमच्या जावयांना सांगून बसलोय, की हे कोणाच्याच हातात नव्हतं."

मी तिथून महेशकडे गेलो. तो प्रतीक्षाकक्षात बाकावर बसला होता. मी त्याला सर्व सांगितले. वैशालीने जाऊ का म्हणून विचारले होते, तेही. त्याने ऐकून घेतले.

"मामा, आत्ता नको," तो म्हणाला. "आत्ता तुमच्यावर रागवायलाही मला वेळ नाही."

त्याच दिवशी दुपारी ऑक्सिजन वाढवूनही पातळी टिकेना. बाळाचे ठोके मंदावू लागले. बाळाची फुफ्फुसे पक्व व्हावीत म्हणून द्यायची दोन इंजेक्शने देऊन झाली होती. सिझेरियन केले. मुलगी झाली. वजन नऊशे ऐंशी ग्रॅम. वैशालीला व्हेंटिलेटरवर, म्हणजे कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवले. एका मजल्यावर आई, वरच्या मजल्यावर मूल. आम्ही जिन्याने ये-जा करत होतो.

जन्मानंतर सहाव्या दिवशी बाळ गेले. सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. महेशने तिला माझ्या हातात दिले आणि तो खड्ड्यात उतरला. मग मी तिला त्याच्या हातात दिले.

वैशालीचे यंत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले. तिला सांगण्याचे काम मी मागून घेतले. तिने विचारले, "केस होते का तिला?"

"होते."

"बरेच?"

"बरेच होते."



तेवीस दिवसांनी तिला घरी सोडले. तिच्या घरी, नगरला. दोन महिन्यांनी फुफ्फुसांची क्षमता मोजली, फुंकर मारून घेतात ती तपासणी. निष्कर्ष ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. श्वासनलिकांची सर्वांत बारीक टोके व्रण भरताना कायमची बुजतात, असा त्याचा अर्थ. बुजलेली टोके उघडत नाहीत; उरलेली जपायची. एक जिना चढताना ती दोनदा थांबते. दुसऱ्या बाळंतपणाविषयी पुण्याच्या डॉक्टरांनी 'नको' हा शब्द वापरला नाही. त्यांनी विषय बदलला.

ज्यांच्या घरी अशी रुग्ण आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. तापाची वाट पाहू नये. बोलताना धाप लागते का, श्वास घेताना मान ओढली जाते का, हे डोळ्यांनी पाहावे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. गरोदरपण आहे म्हणून तर मुळीच नाही. डॉक्टर धुराविषयी विचारतात तेव्हा खरे सांगावे. आणि रुग्ण 'मी इथून जाऊ का' असे विचारते, तेव्हा तिला जाऊ द्यावे. तिला स्वतःचे शरीर आपल्यापेक्षा अधिक कळते.

डॉक्टरांनी धुराविषयी विचारले त्या क्षणाबद्दल वैशाली माझ्याशी एकदाच बोलली. तिच्या घरी बसलो होतो. "नाना, त्या दिवशी मी खूण केली नाही ती तुम्हाला वाचवायला नाही. महेशनं तुम्हाला तिथून हाकललं असतं. मग आईही गेली असती. मला आई हवी होती तिथं."

मी समजलो, असे म्हणालो. तिने चहा केला. तो करतानाही ती एकदा खुर्चीवर बसली.

या वर्षी मुकादमाने पुन्हा तेच सांगितले. मी नकार दिला. टोळी पुढच्या गावाला गेली. आमच्या उसाला तुरा आला, म्हणजे फुलोरा, आणि वजन घटले. दुसरी टोळी मिळेपर्यंत दीड महिना गेला. मग शेजारचा बबनराव त्याचा ऊस पेटवणार, असे कळले. त्याचे घर माझ्या घराला लागून आहे. मी सकाळी त्याच्याकडे गेलो आणि पेटवू नये, असे सांगितले.

"नाना, तुमी पेटवला तवा मला इचारलं व्हतं का?"

"नव्हतं. चुकलंच माझं."

तो जरा वरमला. त्याने मला बसायला खुर्ची दिली. "पन ताई तर आता हितं येत न्हाई हंगामात. मंग कोनासाठी थांबवू म्या?"

आत कोणी खोकत होते. खोकला थांबत नव्हता.

"आत कोण आहे?" मी विचारले.

"आय हाय. ती बारा म्हैनं खोकती. ताप-बिप काय न्हाई तिला."

त्याच्या बायकोने चहा आणला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मला तिला बघू दे."