लालासाहेबांची चिमूट

आष्ट्याजवळच्या आमच्या साखर कारखान्यात लालासाहेब पॅनवर उभे राहिले की चीफ केमिस्टसुद्धा आवाज खाली घेतात. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचं दुमजली भांडं. लालासाहेब त्यातला घट्ट रस काचेच्या पट्टीवर घेतात, अंगठ्यात आणि बोटात चोळून दाणा तयार झालाय का ते बघतात आणि म्हणतात, "अजून येळ हाय." एकतीस हंगाम हेच चाललंय. चोळताना मात्र ते पाठ करून उभे राहतात. बघणाऱ्याला फक्त कोपर दिसतं. मी तिथला टाइमकीपर. मला ती विद्या शिकून काय करायचंय? पण ज्यांना गरज होती त्यांनाही त्यांनी कधी दाखवली नाही. माणूस चांगला, पण या बाबतीत महाचिक्कू.

यंदा उत्कर्षा मॅडम नावाच्या सव्वीस वर्षांच्या केमिस्ट आल्या. त्यांनी दर शनिवारी पाळी बदलताना अर्धा तास शिकण्यासाठी ठेवला. नियम एकच : आठवड्यातली आपली एक चूक सांगायची आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं. पहिले तीन शनिवार लोकांनी नुसता चहा प्यायला. चूक कुणाचीच झाली नव्हती. एवढा निर्दोष कारखाना अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, तीन नंबरच्या पॅनमध्ये नको तेव्हा बारीक दाणा पडला आणि सगळा माल परत वितळवावा लागला. लालासाहेब म्हणाले, ज्योतिबाने वाफ जादा सोडली. ज्योतिबा वाफेच्या व्हॉल्व्हवर असतो. कंत्राटी कामगार, दोन लेकींचा बाप. चीफसाहेबांनी चौकशीही केली नाही. लालासाहेबांचा शब्द, संपलं. सोमवारपासून हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनमधून ज्योतिबाचं नाव काढायचा हुकूम माझ्याच टेबलावर आला.

तेव्हापासून लालासाहेबांना चैन नव्हतं. बुधवारी तीनदा माझ्या खिडकीशी आले. हुकूम आला का? आला. सही झाली का? झाली. जिन्यापर्यंत गेले आणि पुन्हा माघारी आले. गुरुवारी डबा न उघडताच घरी नेला. शुक्रवारी माझ्या टेबलावरची टाचणी उचलून स्वतःच्या बोटात टोचायला लागले.

"नाना, हे काय चाललंय?" मी विचारलं. लालासाहेबांना आम्ही सगळे नानाच म्हणतो.

"काय न्हाई," म्हणाले आणि टोचतच राहिले. रक्ताचा थेंब आला तरी चेहरा हलला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मधुमेहाने त्यांची बोटं बधिर झाली होती. मला कळलं, तरी मी भेकडासारखा गप्प बसलो.

शनिवारी उत्कर्षा मॅडमनी विचारलं, "या आठवड्यात कुणाची चूक?" लालासाहेब उठले, बसले, परत उठले.

"मंगळवारची चूक माजी हाय. ज्योतिबाची वाफ बराबर हुती. दिवाळीपासनं माज्या बोटास्नी दाणा कळंना झालाय. अंदाजानं चालवत हुतो."

उत्कर्षा मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "हुकूम रद्द करून घ्यायला मी आत्ताच साहेबांकडे जाते. पण नाना, आजचा पॅन कोण बघणार?"

"ह्यो बघंल," लालासाहेब ज्योतिबाकडे वळले. "चल रं. बोटं तुजी, अक्कल माजी."

आम्ही सगळेच वर गेलो. ज्योतिबाने पट्टीवर रस घेतला आणि चिमटीत चोळला. त्याचा राग अजून उतरला नव्हता, आणि का उतरावा?

"सांग, काय लागतंय?" लालासाहेब घाईने म्हणाले.

ज्योतिबा चोळतच राहिला. "आवं नाना, काय लागाय पायजे, ते तुमी कवा सांगितलंय?"

लालासाहेबांनी सांगायला तोंड उघडलं. "खरखरीत" म्हणाले, मग "न्हाई" म्हणाले. "वाळूगत" म्हणाले, तेही त्यांना पटेना. बधिर बोटं हवेत चोळत ते शब्द शोधत राहिले. पॅन रटरटत होता, निर्णयाची वेळ टळत चालली होती, आणि आता त्यांना मनापासून शिकवायचं होतं.

"सांगता येईना रं मला," ते म्हणाले.