सेलेरिनो कधी चुकला नाही

धडक त्या बाईने दिली आणि बेड्या सेलेरिनोला पडल्या. मी मागच्या सीटवर बसून हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी आजही माझा विश्वास बसत नाही.

सेलेरिनो म्हणजे आमच्या ट्रेलरच्या, चाकांवरच्या घरांच्या वस्तीतला सगळ्यात भित्रा ड्रायव्हर. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचे. मी त्याच्या लेकीची धर्ममाता, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणायचा, आणि कोमाद्रेला काहीही बोलायची मुभा असते. अमेरिकेतल्या या जॉर्जिया राज्यात आम्हा बिनकागदाच्या लोकांना लायसन्स मिळत नाही, आणि गाडीवाचून इथे घरात मीठसुद्धा येत नाही. बस नाही, रेल्वे नाही. तेव्हा गाडी चालवायची, फक्त पोलिसाच्या नजरेत भरायचं नाही. एकदा थांबवलं आणि लायसन्स निघालं नाही, की काउंटीच्या तुरुंगात. तिथे बोटांचे ठसे घेतात, ते इमिग्रेशनवाल्यांकडे जातात, आणि माणूस मेक्सिकोत जाऊन पडतो. माझे दोन भाऊ असेच गेले. मी तर भीतीपायी स्टिअरिंगला हातच लावला नाही.

सेलेरिनो बावीस वर्षं चालवत होता. कोंबड्यांच्या कारखान्यात दुपारची पाळी, आणि सकाळी बायकोला दवाखान्यात न्यायचं. निघण्याआधी व्हॅनभोवती फेरी मारायचा. मला ब्रेकवर पाय ठेवायला लावायचा आणि मागे जाऊन दिवे बघायचा. आरशाला जपमाळ लटकवायची नाही, तेवढ्यावरूनही थांबवतात म्हणे. हॅट काढून मांडीवर. रेडिओ बंद. पंचेचाळीसची पाटी असली की हा त्रेचाळीसवर. मागून लोक हॉर्न मारून हैराण.

"अरे, गाडी चालवतोयस की मयत नेतोयस?" मी विचारायचे.

"कोमाद्रे, बेल्ट लावलास का?" एवढंच उत्तर.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी चौक आहे, चारही बाजूंना 'थांबा'ची पाटी लावलेला. तिथे आमच्यातल्या चार गाड्या समोरासमोर आल्या की कोणी हलतच नाही. हा त्याला हात करतो, तू जा. तो म्हणतो, छे छे, आधी तुम्ही. एकदा तर पाच मिनिटं चाललं. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "आता काय चहापाणी मांडू का इथे?" तेव्हा कुठे एकजण निघाला.

त्याची बायको ओदिलिया. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा मशीनवर जावं लागतं, चाळीस मैल लांब. एक खेप चुकली की अंगाला सूज येते, दोन चुकल्या की श्वास घेता येत नाही. लेक शिकागोला, तिच्या पदरात दोन पोरं. मला बरं इंग्रजी येतं, म्हणून नर्सशी बोलायला मी सोबत जायचे.

त्या मंगळवारी सिग्नल पिवळा झाला. इथे पिवळा झाला की सगळे गाडी दामटतात. सेलेरिनो थांबला. पिवळा म्हणजे थांबायचं, असं पुस्तकात लिहिलंय ना! मागच्या बाईला वाटलं, हा जाणार. ती आली ती थेट आमच्यावर. धाडकन आवाज झाला, ओदिलिया पुढे फेकली गेली, बेल्टमुळे वाचली. सेलेरिनोची भुवई स्टिअरिंगवर आपटून फुटली.

मागच्या गाडीतून एक गोरी म्हातारी उतरली. नाव लोरीन, हे नंतर कळलं. पांढरी फटक पडली होती. "देवा रे! माझीच चूक! सगळी माझी चूक! लागलं का हो तुम्हाला?"

आणि सेलेरिनोने काय करावं? डोळ्यावर रक्त ओघळतंय, आणि हा हसतोय! "सॉरी, सॉरी," म्हणतोय. "काही नाही झालं. तुम्ही जा, बाई. जा, जा." वर तिच्या गाडीच्या काचेचा चुरा बुटाने बाजूला सारतोय.

बाई माझ्याकडे वळली. "धडक मी मारली आणि माफी हे मागतायत! डोक्याला मार बसलाय यांच्या. भ्रमिष्टासारखं बोलतायत."

"नाही हो बाई, तो ठीक आहे," मी म्हटलं. "फोन नका करू. आम्हाला उशीर होतोय."

"असं कसं? मी पळून जाणाऱ्यातली नाही. तुमचं नुकसान झालंय, कागदोपत्री व्हायला हवं." आणि तिने फोन काढला.

एक वाक्य पुरलं असतं. त्याच्याकडे कागद नाहीत, बाई. बस्स! पण इथे आल्यापासून एकोणीस वर्षं हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलेलं नाही. शेजारणीपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, पाद्र्यापुढेसुद्धा नाही. माझी दातखीळच बसली. मेली ही जीभ, एरवी दिवसभर चालते, आणि नेमकी तेव्हा हलली नाही. बाई पोलिसांना पत्ता सांगत राहिली आणि मी बघत राहिले.

"चल, निघू या," मी सेलेरिनोला आमच्या भाषेत म्हटलं. "व्हॅन चालू आहे."

"अपघाताच्या जागेवरून निघून जाणं गुन्हा आहे, कोमाद्रे," तो म्हणाला. हॅट छातीशी धरून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

पोलीस आला तो तरुण होता, उन्हाने नाक सोललेलं. त्याने बाईचं ऐकून घेतलं, सेलेरिनोच्या भुवईवर कापूस धरायला दिला, अगदी नीट वागला. मग दोघांकडे लायसन्स मागितलं. बाईने दिलं. सेलेरिनो म्हणाला, "नाही, साहेब." खोटं बोलला नाही. पोलिसाने सुस्कारा सोडला आणि त्याचे हात मागे घेतले.

"अहो, काय करताय?" लोरीनबाई किंचाळली. "चूक माझी आहे! मला धरा!"

"मॅडम, तुमची चूक मी लिहिली आहे. ही घ्या दंडाची पावती. यांचं प्रकरण वेगळं आहे."

आम्हा दोघींना त्याने काही विचारलं नाही. गाडी चालवणाऱ्यालाच विचारायचं असतं. ओदिलियाने आत बसूनच हाक मारली, "सेले! सेले!" त्याने मान वळवली आणि फक्त म्हणाला, "मशीन चुकवू नकोस." पोलिसाच्या गाडीचं दार लागलं. ज्या माणसाने बावीस वर्षांत एकदाही इंडिकेटर विसरला नाही, त्याला दुसऱ्याच्या चुकीपायी नेलं. अरे, हा कुठला न्याय?

व्हॅन ओढून नेली. लोरीनबाई कठड्यावर बसून हमसून हमसून रडत होती. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सांगून काय उपयोग होता आता!

"मला आधी का नाही बोललात?" ती म्हणाली. "मी फोन ठेवला असता हो. लगेच ठेवला असता."

तिच्या गाडीचं नाक चेपलं होतं, पण ती चालत होती. तिनेच आम्हाला दवाखान्यात पोचवलं. मशीन सुरू झाल्यावर ओदिलियाने मला विचारलं, "गुरुवारी कोण आणणार गं?" बाईने विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं. बाई म्हणाली, "मी आणीन."

अठरा दिवसांनी मेक्सिकोतून, गेरेरोतल्या गावाहून सेलेरिनोचा फोन आला.

"मशीन चुकली का?"

"एकही नाही."

"कोण नेतं?"

"ज्या बाईने ठोकलं, तीच."

मग म्हणाला, "बेल्ट लावत जा दोघी."

बाई येते, गेले पाच महिने. मनाने सोनं, पण चालवते म्हणजे काय सांगू! एका हातात कॉफी, पंचेचाळीसच्या पाटीला साठ, आणि मागे वळून गप्पा. ओदिलिया डोळे मिटून बसते. मी बेल्टला घट्ट धरून बसते.

गेल्या गुरुवारी मागे निळे दिवे लागले. बाईने गाडी कडेला घेतली. खिडकीशी आला तो तोच, सोललेल्या नाकाचा. म्हणाला, "एकसष्टवर होतात, मॅडम. लायसन्स?"

बाईने पर्स उलटीपालटी केली. "अरे देवा, घरी राहिलं रे. दुसऱ्या पर्समध्ये आहे."

पोलीस हसला. त्याने आत वाकून आम्हा दोघींनाही नमस्कार केल्यासारखी मान हलवली, दोन बोटं टोपीला लावली, काहीतरी बोलला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल. लोरीनबाई स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. तिला गाडी सुरू करताच येईना.

"काय म्हणाला गं तो?" ओदिलियाने विचारलं.

"म्हणाला, सावकाश जा."