दोन गरम, दोन थंड

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या लग्नाला मी हजर नव्हतो. निघालो होतो सगळ्यांच्या आधी, नवरदेवसुद्धा माझ्याच गाडीत होता. पण मी पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि वाढपी स्वतःच जेवायला बसले होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीत ज्याला त्याला डिझेलची जीप हवी असायची. मी मात्र परभणीच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडून पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार आणली होती. (जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असल्यामुळं थकलेलं जनावर आपल्याला लांबून ओळखू येतं, असा माझा समज होता.) तिचे किलोमीटरचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यावरून निघाले होते, त्यामुळं मीटरवर ती अगदी कालची दिसायची. बाकी ऑइल प्यायची, निळा धूर सोडायची आणि सकाळी उठवताना खोकायची.

दिगंबरचं, म्हणजे माझ्या भावाचं, लग्न जवळा बाजारच्या मुलीशी ठरलं. वऱ्हाड टेम्पोत आणि नवरदेव मोटारीत, हे आईनं सोयरिकीच्या बैठकीतच जाहीर करून टाकलं होतं. सोयऱ्यांनी ते गावभर सांगितलं होतं. आणि लग्न आठवड्यावर आलेलं असताना गाडी धक्के द्यायला लागली. मी प्लग काढून पाहिले तर चारीची टोकं झिजून गेलेली. नेहमीचा मिस्त्री स्वतःच्या मेहुणीच्या लग्नाला गेला होता (लग्नसराईत मिस्त्रीलाही मेहुण्या असतात), म्हणून मी एकटाच सलीमभाईच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

सलीमभाईनं विचारलं, "साहब, गरम दूँ के ठंडा?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी म्हणालो, "थंडाच सांगा." आणि बाकावर टेकून पंख्याखाली वाट पाहत बसलो. थोड्या वेळानं त्यानं माझ्या हातात प्लगांची डबी ठेवली. बाटली काही आली नाही. तेव्हा कुठं मला कळलं की गाडीचे प्लगही गरम आणि थंड असे दोन जातीचे असतात. गरम प्लग स्वतःची उष्णता धरून ठेवतो, थंड प्लग लवकर सोडून देतो. जुन्या गाडीला कोणता बरा, असं विचारलं तर तो म्हणाला की दोन्ही चांगले आहेत. मग मी दोन्हीच्या डब्या पसंतीला म्हणून घरी आणल्या. नको ते परत करायचे, असं ठरलं. पसंतीला घरी साड्या आणतात, प्लग आणू नयेत, हे त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच निकाल दिला. एवढा उन्हाळा, त्यात गाडीच्या तोंडातून धूर येऊन राहिला, म्हणजे हिला उष्णता झालेली आहे. उष्णता झालेल्याला आणखी गरम कोण देतं? थंडच पाहिजे. आम्हाला गोवर निघाला तेव्हा तिनं सब्जा आणि खडीसाखर देऊनच आम्हाला उठवलं होतं.

निर्मला, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. ती आईला मामी म्हणते. ती शांतपणे म्हणाली, "मामी, गाडी लेकरू हाय का? म्हातारी हाय ती. म्हाताऱ्याला थंड सोसत न्हाई. ह्या वयात ऊबच पाहिजे."

आई म्हणाली, "म्हातारी कोणाला म्हणून राहिली तू?"

पुढं दोन दिवस घरात प्लगांशिवाय दुसरा विषय नव्हता. वरण आळणी लागलं तरी गोष्ट प्लगांवर जायची. लग्नघरी हजार कामं पडलेली, आणि मी सकाळी आईच्या बाजूनं, रात्री बायकोच्या बाजूनं मान हलवत होतो. शेवटी मला एक तोडगा सुचला. इंजिनाला प्लग चार आणि घरात मतं दोन. मी दोन थंड आणि दोन गरम असे बसवले आणि उरलेले सलीमभाईला परत केले. वडीलधारे आधी, म्हणून पुढचे दोन आईचे आणि मागचे दोन बायकोचे. इंजिन सुरू झालं, गल्लीत दोन चकरा मारल्या, सगळं बराबर. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पुढचे काही दिवस बस्ता, पत्रिका, हलवाई अशा गावातल्या गावात चकरा झाल्या, तेव्हाही गाडी काही बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी दिगंबर बाशिंग बांधून पुढं माझ्या शेजारी बसला. मागं आई आणि निर्मला, दोघींच्या मधे आहेराच्या कपड्यांचं गाठोडं. मुहूर्त दुपारचा होता. टेम्पो आमच्या पुढं निघून गेला. औंढ्यापर्यंत ठीक चाललं. औंढा सोडलं आणि एका चढावर गाडी थरथरायला लागली, आणि बैल गाळात फसावा तशी अर्ध्यातच थांबली. चारातले दोन प्लग बंद पडले, एवढं माझ्यासारख्यालाही आवाजावरून कळलं.

"माझे दोन चालून राहिले," आई म्हणाली. "हिचे बंद पडले."

निर्मलाचं मत बरोबर उलटं होतं. दोघीही खाली उतरल्या आणि बॉनेटच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर ओढून पाहायला लागलो. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो प्लग जिवंत, न बदलला तर मेलेला. पहिली ओढली, आवाज तोच. दुसरी ओढली, आवाज तोच. (झटका मात्र बसला.) तिसरीला आणि चौथीला इंजिन कण्हलं. म्हणजे आईचे दोन्ही थंड प्लग तेलानं माखून बंद पडले होते, आणि बायकोचे दोन्ही गरम ठणठणीत होते.

मी वर पाहिलं. एका बाजूला आई, लेकाच्या लग्नासाठी काढलेल्या ठेवणीतल्या लुगड्यात. दुसऱ्या बाजूला निर्मला, जिंकायच्या तयारीत. मी इंजिन बंद केलं आणि म्हणालो, "एक आईचा गेला, एक तुझा."

दोघींचं समाधान झालं. पण आता या निकालाप्रमाणं वागणं आलं. मी आईचा एक प्लग काढला, निर्मलाच्या केसांतल्या आकड्यानं खरवडून साफ केला आणि परत बसवला. दुसरा तसाच राहू दिला, कारण तो चालू असल्याचं मीच सांगितलं होतं. मग बायकोचा एक धडधाकट प्लग केवळ न्यायासाठी काढायला घेतला. तो नावाप्रमाणंच गरम निघाला. हात भाजला, प्लग खडीवर पडला आणि त्याचं पांढरं चिनीमातीचं अंग तडकलं.

"कोणाचा फुटला?" निर्मलानं विचारलं.

"तुझा."

"बंदच पडलेला होता ना? जाऊ द्या मंग."

मी तो फुटका प्लग नुसतं भोक बुजवायला परत बसवला. हिशेब केला तर आधी दोन चालत होते, आता आईचा साफ केलेला एक आणि बायकोचा न काढलेला एक असे पुन्हा दोनच चालत होते. एवढी खटपट करून मी जिथं होतो तिथंच होतो, फक्त मुहूर्त जवळ आला होता.

दिगंबरनं गाडीतून तोंड बाहेर काढलं. घामानं बाशिंग एका डोळ्यावर उतरलं होतं. तो रागावला नाही. "दादा," तो म्हणाला, "तिकडं लोक म्हणतील नवरदेव पळून गेला." तेवढं ऐकल्यावर मात्र मी हातातला पाना खाली टाकला. मी रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि येणाऱ्या पहिल्या जीपला दोन्ही हात आडवे केले.

ती बाजाराला निघालेली जीप होती. आत, टपावर आणि मागच्या पायदानावर माणसं. तरीही नवरदेव पाहून लोकांनी जागा केली. आई आणि निर्मला पुढं ड्रायव्हरजवळ एकाच सीटवर अडकून बसल्या, आणि दिगंबर मागं एका कोंबड्यांच्या पाटीशेजारी, बाशिंग वाकवून. मला जागा नव्हती. खरं म्हणजे मला कुणी विचारलंच नाही.

जीप दिसेनाशी झाल्यावर मी आईचा दुसरा प्लग काढला आणि निवांत साफ केला. कुणी पाहायला नसलं की काम फार सोपं असतं. तीन प्लगांवर रिकामी गाडी कण्हत कण्हत चढ चढली.

जवळा बाजारला मांडवात शिरलो तर आई आणि निर्मला एका सतरंजीवर बसून एकमेकींना पान लावून देत होत्या. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांना इतकं जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या जीपच्या एका सीटवर त्यांचं सगळं बोलून झालं होतं. प्लग दोघींचेही चांगले होते, गाडीही तशी वाईट नव्हती, असं दोघींचं ठरलं होतं.

आई मला पाहून सोयऱ्यांच्या बायकांना म्हणाली, "हा हिचा नवरा. ह्याला हातात काही देऊ नये."

निर्मला म्हणाली, "मामींचं पोरगं हाय. लहानपणापासून असंच हाय म्हणतात."

मी हात धुऊन वाढप्यांच्या पंगतीत बसलो. नवरी घेऊन वऱ्हाड परत निघालं तेव्हा नवरदेव-नवरीसाठी सोयऱ्यांनी जीप सांगितली. आई आणि निर्मला तिच्यात आधीच जाऊन बसल्या. उरलेले टेम्पोत चढले. माझ्या मोटारीत बसायला कुणीच तयार होईना, म्हणून तिच्यात रुखवतातली भांडी भरली. तीसुद्धा हिंगोली येईपर्यंत सारखी कुरकुर करत होती.